बुधवार वाचवायचा फंडा

मंडळी, एक सोपं गणित. आठवड्याचे वार सात, त्यातले मटणाचे किती? सोमवार महादेवाचा, आणि आमच्या अकोल्याचं तर ग्रामदैवतच राजराजेश्वर, त्यामुळे तो पहिल्याच फटक्यात आउट. मंगळवार कुणाकडे देवीचा, कुणाकडे गणपतीचा. गुरुवार गजानन महाराजांचा. शेगाव इथून जवळ, तेव्हा त्यात चर्चेला जागाच नाही. शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. शुक्रवार मित्रांनी आणि टीम-डिनरने पळवला. रविवार सेफ आहे, कारण त्या दिवशी घरात सगळे असतात आणि दुपारी झोपायची सोय असते. राहिला बुधवार.

बुधवार गेला हो! कधी गेला ते कळलंही नाही.

विचार करा, रात्री आठला घरी आलेल्या माणसाने बॅग टाकायची, कांदे सोलायचे, खोबरं भाजायचं, वाटण करायचं, मटण परतायचं आणि मग ते शिजायची वाट बघत बसायचं. ताट वाढेपर्यंत साडेदहा. सकाळी पुन्हा नऊची बस. त्यापेक्षा फोन उचलायचा आणि मागवायचं. लाल तेलाचा तवंग, खाली दोन हाडं आणि बिल असं की त्यात अख्खा किलो घरी आला असता. हिंजवडीत राहा नाहीतर अकोल्याच्या जुन्या शहरात, बुधवारची स्टोरी सगळीकडे सेम.

अमेरिकेतल्या नोकरदार कुटुंबांनी यावर एक उपाय काढलाय. स्लो कुकर. सकाळी त्यात बीफ, बटाटे, गाजरं, कांदा, पाणी घालायचं, बटण दाबायचं आणि ऑफिसला जायचं. संध्याकाळी दार उघडलं की घरभर स्ट्यूचा वास. ऐकायला जाम भारी वाटतं. पण हेच जुन्या शहरातल्या आमच्या घरात करायचं म्हटलं, तर तीन प्रश्न समोर उभे. मांस कोणतं? लाइट गेली तर? आणि सगळ्यात महत्त्वाचा, जो त्या अमेरिकन रेसिपीत कुठेच लिहिलेला नसतो: हे सगळं करणार कोण?

शिट्टी मोजणारी बाई

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो माझ्या अंगावर आलेला आहे.

आमच्या घरात सहा माणसं. आई, बाबा, दादा, वहिनी, आठ वर्षांची भाची आणि मी. दादा एमआयडीसीत, वहिनी बँकेत. बाबा रिटायर्ड. आईचे गुडघे डॉक्टरांच्या भाषेत 'वयोमानाप्रमाणे'. आणि मी? मी फ्रीलान्स. म्हणजे मी घरून लिहिते, घरून फोनवर मुलाखती घेते, घरूनच डेडलाइनच्या नावाने बोंबलते. पण घरच्या डिक्शनरीत फ्रीलान्सचा अर्थ 'फ्री' एवढाच आहे. दादा निघताना हमखास ओरडतो, "घरीच तं हायेस ना तू, गॅसकडे पायजो जरा!"

गॅसकडे पाहणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. हात रिकामे असतात, पण डोकं अडकलेलं असतं. माझ्या कितीतरी मुलाखतींच्या रेकॉर्डिंगमध्ये समोरचा माणूस गंभीर काहीतरी बोलतोय आणि मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. प्रेशर कुकरने आपल्या स्वयंपाकघरात क्रांती केली, यात शंका नाही. हॉकिन्स आणि प्रेस्टिज, दोघांचीही सुरुवात १९५९ सालची. आत वाफ कोंडली की पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून तासाचं काम वीस मिनिटांत होतं. वेळ वाचला, पण पहारा वाचला नाही. कुणीतरी शिट्ट्या मोजायच्या, कुणीतरी गॅस बारीक करायचा, कुणीतरी बंद करायचा. तो 'कुणीतरी' कोण, हे तुमच्या घरातही सगळ्यांना माहीत आहे.

केंद्र सरकार लोकांचा वेळ कुठे जातो याचं सर्वेक्षण करतं. २०१९ च्या सर्वेक्षणात घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरकामात घालवत होती आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं, तेव्हा बाईची २८९ झाली. दहा मिनिटं सुटली म्हणून खूश व्हावं, तर पुरुषाचीही ९७ वरून ८८ झाली. म्हणजे सूट दोघांनाही मिळाली, दरी जवळजवळ तेवढीच राहिली!

तर माझ्यासाठी स्लो कुकरचा मुद्दा चवीचा नंतर, आधी पहाऱ्याचा. घरात वेळ नाही असं आपण म्हणतो, पण भांड्याला वेळ भरपूर असतो. भांड्याजवळ उभं राहायला माणूस नसतं.

आजीचा वैल

हळूहळू शिजवणं ही काही अमेरिकेची आयडिया नाही. जुन्या चुली आठवतात? मुख्य तोंडाशेजारी एक दुसरं, छोटं तोंड असायचं. त्याला म्हणायचे वैल. पुढच्या जाळावर भाकरी आणि मागे वैलावर वरणाचं नाहीतर कालवणाचं भांडं. त्याला वेगळं सरपण नाही, वेगळा जाळ नाही. पुढच्या चुलीची उरलेली धग मागच्या भांड्याला. आजी भाकरी थापत बसायची आणि मागे रस्सा आपोआप मुरत राहायचा. वऱ्हाडातले रोडगेही त्याच हिशेबातले. गोवऱ्यांचा जाळ विझला, आर उरला, की त्यात गोळे पुरायचे आणि गप्पा मारत बसायचं.

एक घर सोडून राहणाऱ्या खालांकडे निहारी होते. निहारी हा शब्द अरबी 'नहार'वरून आला, म्हणजे दिवस, सकाळ. आपल्या 'न्याहारी'शी त्याचं नातं कानालाच ऐकू येतं. रात्री भांडं चढवायचं आणि सकाळी खायचं. पूर्वी कोळशावर, आता गॅसवर खाली तवा ठेवून. मी एकदा विचारलं, इतका वेळ कशाला? खाला म्हणाल्या, "बेटा, गोश्त को जल्दी नहीं रहती. जल्दी अपने को रहती."

कलकत्त्याच्या इंदुमाधव मलिक यांनी १९१० च्या सुमाराला 'इकमिक कुकर' काढला होता. एकावर एक डबे, खाली कोळशाची शेगडी, आणि भात-डाळ-मटण वाफेवर सावकाश तयार. आणि अमेरिकेतलं विजेचं भांडं? ते शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांचं. त्यांच्या आईने लिथुआनियातल्या विल्ना शहराची आठवण सांगितली होती. ज्यू लोकांना शनिवारी, म्हणजे सब्बाथच्या दिवशी, चूल पेटवायची नसते. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मांस, कडधान्य आणि कंदमुळांची भांडी बेकरीच्या भट्टीत ठेवायची. भट्टी विझत जायची आणि तिच्या उरलेल्या धगीवर रात्रभर 'चोलंट' शिजायचं. म्हणजे तिथला वैलच की! नॅक्सन यांना १९४० मध्ये पेटंट मिळालं, १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आलं. अमेरिकन बायका मोठ्या संख्येने नोकरीला जाऊ लागल्या होत्या. भांडं धडाक्यात खपलं.

यंत्र म्हणून त्यात रॉकेट सायन्स काही नाही. आत सिरॅमिकचं जाड भांडं, भोवती कमी ताकदीची कॉइल, वर घट्ट बसणारं झाकण. साधारण दीडशे ते दोनशे वॅट, म्हणजे इस्त्रीपेक्षा कितीतरी कमी. 'लो' आणि 'हाय' अशी दोन बटणं. बहुतेक मॉडेलमध्ये दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालच्या तापमानालाच पोचतात. 'लो' निवांत पोचतं, 'हाय' लवकर. आठ तास चाललं तर दीडेक युनिट. किंमत बऱ्यापैकी मिक्सरएवढी.

कोणतं मांस?

अमेरिकन रेसिपीत बीफचा 'चक' लागतो, म्हणजे खांद्याचा भाग. आपल्याकडे गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीच्या मांसाला मात्र परवानगी आहे, जनावर कापण्याआधी सरकारी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यामुळे इथे 'बीफ स्ट्यू' करायचा म्हणजे म्हशीचं मांस, नाहीतर बोकडाचं मटण.

हा विषय निघाला की काही जण नाक मुरडतात, म्हणून एवढंच सांगते. स्वस्त, जाडजूड, चिवट मांस सावकाश शिजवून चविष्ट करणं ही कला ज्या घरांनी जपली, ती घरं बहुतेक मुसलमानांची आणि दलितांची. मराठवाड्यातल्या दलित घरांच्या खाण्यावर शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' नावाचं पुस्तक २०१५ साली आलं. ते वाचलं की कळतं, आपल्या रेसिपी बुकांनी केवढा मोठा स्वयंपाक वगळलाय.

आमच्या घरी मटणच चालतं, म्हणून पुढचं प्रमाण मटणाचं. पण सूत्र एकच आहे. खाटकाकडे जाऊन "बिना हड्डी, सॉफ्ट द्या" म्हणू नका. खांदा, मान आणि नळी मागा. जनावर ज्या भागाचा वापर जास्त करतं, तिथे कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन जास्त असतं. ७० अंशांच्या पुढे, काही तासांत, त्याचं जिलेटिन होतं. रश्श्याला जो ओठ चिकटणारा दाटपणा येतो, तो यातून येतो. मऊ, चरबी नसलेला तुकडा आठ तासांत चोथा होतो. चिवट तुकडा आठ तासांत लोणी होतो.

मंगळवारची अडचण

आता प्लॅनिंग. परदेशी रेसिपी सांगतात, आदल्या रात्री मांस कापून, मसाला लावून फ्रीजमध्ये ठेवा. आमच्याकडे आदली रात्र म्हणजे मंगळवार! मंगळवारी मटण घरात आणायचं नाव काढलं आणि आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला.

मग घरात मीटिंग झाली. खरोखरची, चहा-बिस्किटांसह. त्यात ठरलं ते असं. मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर वहिनी आणि मी वाटण करून फ्रीजमध्ये ठेवायचं, त्यात मांसाहारी काही नाही, त्यामुळे देवीची हरकत नाही. बुधवारी सकाळी सातला दादाने जयहिंद चौकातून मटण आणायचं, धुवायचं आणि परतायचंही त्यानेच. साडेआठला भांडं सुरू. आणि दिवसभर कुणीही, म्हणजे विशेषतः मी, त्याच्याकडे पाहायचं नाही.

दादाने थोडी खळखळ केली. "सकाळी सातले? मी ऑफिसले कवा जाऊ?" वहिनी शांतपणे म्हणाली, "मी रोज सहाला उठून डबे करून जाते तेव्हाच." विषय संपला.

बुधवारचा रस्सा, सहा माणसांसाठी

मटण एक किलो, हाडांसकट, तुकडे जरा मोठे. वाटणाला तीन मोठे कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं, दोन्ही काळसर होईपर्यंत भाजलेलं. पंधरा-सोळा लसूण पाकळ्या, दोन इंच आलं, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे भाजलेली खसखस. नसेल तर तीळ चालतील. हळद, मीठ, घरचा काळा मसाला आणि तुमच्या हिमतीप्रमाणे तिखट.

कढईत तेल तापवा, वाटण तेल सुटेपर्यंत परता, मग मटण टाकून मोठ्या आचेवर दहा मिनिटं परता. ही पायरी टाळायचा मोह होईल, कारण जाहिरातीत तर सगळं कच्चंच भांड्यात टाकतात. टाळू नका. भांड्यात पाणी असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या पुढे जात नाही, आणि भाजल्याचा खमंगपणा १४० च्या आसपास येतो. तो कढईतच मिळतो.

बटाटे घालणार असाल तर मोठे तुकडे करून अगदी तळाशी ठेवा. या भांड्यात मजेशीर प्रकार होतो, भाजी मांसापेक्षा उशिरा शिजते. त्यावर मटण, त्यावर दीड ते दोन वाट्या उकळतं पाणी. गार पाणी नको, भांडं तापायलाच तास जाईल. पाणी कमी वाटेल, पण वाफ झाकणाला लागून परत खालीच येते, आटत काही नाही. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त आणि पाऊण भागापेक्षा कमी भरलेलं असावं.

'लो'वर सात ते आठ तास. म्हशीच्या नळीचे मोठे तुकडे असतील तर नऊ ते दहा. त्यानंतर बऱ्याच मॉडेलमध्ये भांडं आपोआप 'वॉर्म'वर जातं, तिथे ते आणखी तीन-चार तास निवांत राहतं. म्हणजे साडेआठला लावलेलं साडेचारला तयार आणि रात्री साडेआठला गरम. घरी आलं की चमचाभर गरम मसाला आणि कोथिंबीर घाला, कारण कुटलेल्या मसाल्याचा वास आठ तासांत उडून जातो. दही घालायचं असेल तर तेही आत्ताच, आधी घातलं की फाटतं. रस्सा पातळ वाटला तर पातेल्यात काढून मोठ्या गॅसवर दहा मिनिटं उकळा.

आणि झाकण! आमच्याकडे पहिल्या बुधवारी अकरा वाजता आई भांड्यापाशी उभी. "अवं बाई, मटन असं न पायता शिजते का कुठी? झाकन उघडून पाय ना एक डाव!" हात लावू दिला नाही. एकदा झाकण उघडलं की कोंडलेली वाफ जाते आणि पुन्हा तेवढं तापायला वीसेक मिनिटं लागतात. दर तासाला आई आणि दर तासाला वीस मिनिटं, म्हणजे जेवण थेट गुरुवारी. आणि गुरुवारी तर चालतच नाही!

लाइट गेली तर?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकांना जरा हसवेल, पण विदर्भात ज्याने एक उन्हाळा काढलाय तो हसणार नाही. वादळ आलं, फेज गेला, लाइट गायब. आणि इथे खेळ चवीचा नाही, पोटाचा आहे.

साधारण ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात जंतू फटाफट वाढतात. भांडं चालू असलं की ते ६० च्या वर असतं, चिंता नाही. लाइट गेली तेव्हा घरी कुणी असेल तर सरळ पातेल्यात काढून गॅसवर पूर्ण शिजवा. घरी कुणीच नसेल आणि मधे किती वेळ लाइट नव्हती ते कळायला मार्ग नसेल, तर ते मटण फेका. वर शिजलेलं दिसत असलं तरी फेका. किलोभर मटण फेकताना जीव तुटतो, मान्य. पण सहा माणसांना सलाइन लावण्यापेक्षा स्वस्त पडतं. इन्व्हर्टर असेल तर दोनशे वॅट त्याला झेपतात, फक्त किचनचा पॉइंट त्यावर आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या. बऱ्याच घरांत नसतो.

टायमर लावून 'मी गेल्यावर दोन तासांनी सुरू हो' असा स्मार्टपणा अजिबात नको. अकोल्यात मे महिन्यात ४५ अंश म्हणजे रोजची बातमी. त्या गरमीत कच्चं मटण बंद भांड्यात दोन तास? नकोच. फ्रीजरमधला दगड झालेला गोळाही थेट टाकू नका, आधी फ्रीजमध्येच पूर्ण सुटू द्या. उरलेला रस्सा पसरट भांड्यात काढून फ्रीजमध्ये टाका. एरवी दोन तासांच्या आत, आपल्या उन्हाळ्यात एका तासाच्या आत. दुसऱ्या दिवशी गरम करायचा तो गॅसवर, खळखळून. स्लो कुकर गरम करण्यासाठी नाही, तो फार वेळ लावतो.

शाकाहारी मंडळींसाठीही एक लाल सिग्नल. राजमा कच्चा या भांड्यात टाकू नका. त्यात एक विषारी घटक असतो आणि मंद आचेवर तो मरत नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं, अर्धा तास झाला तर उत्तम, खळखळून उकळा आणि मगच भांड्यात घाला. हरभऱ्याची, वाटाण्याची उसळ मात्र यात मस्त मुरते, आणि त्यासाठी बुधवारचीही वाट पाहायला नको.

भांडंच नसेल तर?

लगेच ऑनलाइन ऑर्डर टाकू नका. घरी 'स्लो कुक' मोड असलेला इलेक्ट्रिक मल्टिकुकर पडलाय का बघा, अनेकांकडे लग्नात आलेला असतो आणि त्यात फक्त भात होतो. साध्या राइस कुकरचं 'वॉर्म' मात्र चालणार नाही, ते गरम ठेवतं, शिजवत नाही. तेही नसेल तर सकाळी प्रेशर कुकरमध्ये शिजवा, पसरट पातेल्यात काढून थंड पाण्याच्या परातीत गार करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि रात्री उकळा. दिवसभर मुरलेल्या रश्श्याची चव ताज्यापेक्षा सरस लागते. मंद गॅसवर ठेवून घराला कुलूप लावणं मात्र कधीच नाही. ज्योत विझली, रस्सा उतू गेला, काहीही होऊ शकतं.

शेवटी राहिली भाकर

रस्सा झाला हो, पण भाकर? भाकरीला वैल नाही. ती थापायची, शेकायची आणि गरम वाढायची, म्हणजे पुन्हा कुणीतरी तव्यासमोर उभं. पहिले दोन बुधवार वहिनी बँकेतून आली आणि पर्स ठेवून सरळ तव्याकडे गेली. सगळ्या प्लॅनिंगचा फायदा तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तिसऱ्या बुधवारी तिने जाहीर केलं की आज भात आहे. बाबांना रश्श्याबरोबर भाकर लागते. चाळीस वर्षं लागत आलीय.

बाबा दोन मिनिटं गप्प बसले. मग उठले, हात धुतले आणि आईला म्हणाले, "पीठ किती घेऊ सांग." आईने खुर्चीत बसूनच सूचना दिल्या, "पानी गरम घ्या, बाप्पा! अजून मया ते!" पहिली भाकर अकोट तालुक्याच्या नकाशासारखी आली, दुसरी पातूरसारखी. भाचीने दोन्ही खाल्ल्या. आता बुधवारी ज्वारीच्या भाकरी बाबांकडे असतात. अजून गोल येत नाहीत, पण फुगायला लागल्यात.

मला काय मिळालं? बुधवारी सकाळी साडेआठ ते रात्री साडेआठ, बारा तास, ज्यात मी कुणाच्याही गॅसकडे पाहत नाही. गेल्या बुधवारी एक लांबलचक मुलाखत घेतली. रेकॉर्डिंग ऐकलं, तर त्यात फक्त समोरचा माणूस बोलतोय. शिट्टी नाही!

तेव्हा मंडळी, भांडं जरूर घ्या. पण ऑर्डर टाकायच्या आधी घरात एक मीटिंग घ्या. सकाळी सातला मटण कोण आणणार आणि रात्री भाकरी कोण थापणार, ते नावानिशी ठरवा. दोन्ही नावं एकाच बाईची निघाली, तर भांड्याचे पैसे वाचवा आणि मीटिंग पुन्हा घ्या!